ताईच्या गॅलरीतली बरणी

सातारच्या स्टँडवरून सकाळी साडेसहाची परळ गाडी पकडली तेव्हा माझ्या पिशवीत एक छोटी जाळी, दोन भिंगं आणि गळावर बांधलेल्या खोट्या किड्यांची एक पत्र्याची डबी होती. सोडायला आलेला मित्र म्हणाला, "लोक मुंबईला समुद्र बघायला जातात, हा किडे बघायला चाललाय." मी हसलो. बारा दिवसांनी त्याच स्टँडवर उतरलो तेव्हा तोच मित्र न्यायला आला होता आणि त्याच्याशी नीट बोलताही आलं नाही. आपल्या वाचनालयाच्या अंकासाठी 'मुंबईच्या पाण्यातले जीव' असं काहीतरी लिहून देईन, असं जाताना मी ऐटीत कबूल केलं होतं. लिहून देतो आहे, पण जे लिहायचं ठरवलं होतं ते हे नव्हे. लिहिताना लाज वाटते आहे, हे आधीच सांगून टाकतो.

हे किड्यांचं वेड मला मासेमारीतून लागलं. चार वर्षांपूर्वी बँकेतून लवकर निवृत्ती घेतली आणि एका मित्राच्या नादानं हिमाचलात ट्राउट धरायला गेलो. फ्लाय फिशिंगमध्ये आमिषाला गांडूळ चालत नाही की कणकेची गोळी चालत नाही. गळावर पिसं, दोरा आणि केस गुंडाळून किड्याचं सोंग तयार करायचं आणि ते पाण्यावर इतकं अलगद टाकायचं की माशाला खरं वाटावं. पहिल्या दिवशी तीन तास हात दुखेपर्यंत दोरी फेकली, एकही मासा फिरकला नाही. आमच्याबरोबरचा म्हातारा वाटाड्या काठावर विडी ओढत बसला होता. शेवटी त्याला माझी दया आली. "साहब, पहले पूछो तो सही, आज खाने में क्या बना है," असं म्हणून त्यानं पाण्यातला एक दगड उचलून उलटा केला.

दगडाच्या पोटाला चपट्या अंगाचे, तीन शेपट्यांचे जीव चिकटले होते. बाजूला वाळूचे कण चिकटवून स्वतःभोवती घर बांधणाऱ्या बारीक अळ्या होत्या. म्हाताऱ्यानं त्या नीट बघितल्या, माझ्या डबीतून तसाच दिसणारा एक खोटा किडा निवडला, आणि पंधरा मिनिटांत मासा लागला. मासा मी सोडून दिला. तो दगड मात्र डोक्यातून गेला नाही. तिसऱ्या वर्षी मी गळ खोलीवर ठेवून नुसते दगड उलटे करत नदीभर फिरलो. घरी आल्यावर वेण्णेच्या पात्रात तेच सुरू केलं. बायको म्हणाली, "पूर्वी मासे सोडून यायचात, आता किडे घेऊन येताय."

मुंबईला जायचं कारणही तसंच. डोंगरातल्या नद्यांत किडे असणारच, पण एवढ्या दाट शहरात पाण्यातले जीव कुठे आणि कसे जगत असतील, हे बघायचं होतं. शहराच्या जुन्या भागात अजून विहिरी आहेत असं ऐकलं होतं. आणि लालबागला शैलाताई होती.

शैलाताई परब ही माझी मामेबहीण, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. मामा कुडाळहून येऊन गिरणीत लागला आणि त्याची लालबागच्या चाळीतली खोली पुढे ताईकडे आली. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत मी तिथे जायचो तेव्हा मला आंघोळ घालण्यापासून भरवण्यापर्यंत सगळं ताईच करायची. आता ती सहासष्ट वर्षांची आहे आणि मी छप्पन्नचा. दारात मला बघून ती म्हणाली, "इलस? (आलास?) पाय धू आधी. दाजी, विनू आला बघा." दाजी, म्हणजे तिचे यजमान, छापखान्यातून निवृत्त झालेले, फार बोलत नाहीत. त्यांनी पेपर बाजूला ठेवून माझ्यासाठी खुर्ची सरकवली. जेवायला तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं, तांदळाची भाकरी आणि सोलकढी होती. ऑक्टोबरचा उकाडा होता, मी सोलकढीच चार वाट्या प्यायलो.

जेवणानंतर ताईनं मला जिन्याखालचा फळा दाखवला. दर शुक्रवारी ही चाळ कोरडा दिवस पाळते. सकाळी नऊ वाजता ताई पितळी थाळी वाजवत चारही मजल्यांच्या गॅलऱ्यांतून फिरते, आणि प्रत्येक घरानं आपली पिंपं, बादल्या, कुंड्यांखालच्या बशा रिकाम्या करून, घासून उलट्या घालायच्या. ज्याच्या घरी डासांच्या अळ्या सापडतील त्याचं नाव आणि खोली नंबर आठवडाभर या फळ्यावर राहतो. नियम ताईनंच केला आणि नावंही तीच लिहिते. "माझ्या सख्ख्या दिराचं नाव लिवलंय मी इथे," ती म्हणाली. "कोणाची गय नाय."

यामागचं कारण दाजींनी मला नंतर हळूच सांगितलं. दोन वर्षांपूर्वी समोरच्या खोलीतल्या सावंतांची अस्मिता, बारा वर्षांची मुलगी, डेंग्यूनं गेली. तपासणीत सावंतांच्याच गॅलरीत मनीप्लांटच्या बाटलीत अळ्या निघाल्या. ताईचा त्या पोरीवर फार जीव होता. चाळीच्या सभेत तिला राहवलं नाही आणि सगळ्यांसमोर ती सावंत वहिनींना म्हणाली, "त्या बाटलीचं पाणी बदललं असतंस, तर पोर आज असती." तेव्हापासून दोन्ही दारं समोरासमोर असूनही त्या दोघी बोलत नाहीत. वहिनी खाली मान घालून येतात आणि खाली मान घालून जातात. ताईला त्या वाक्याचं वाईट वाटतं का, असं मी विचारलं. दाजी म्हणाले, "रोज. पण दार ओलांडवत नाही तिला."

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीत पालिकेच्या कीटक खात्यातल्या गौतम जाधवांची ओळख झाली. पन्नाशीचे, परळच्या चाळीत वाढलेले, वडील गिरणीत. हातात टॉर्च आणि लांब दांड्याची पांढरी पळी. पळी पिंपात एका कोनात बुडवायची, पाणी हलू द्यायचं नाही, आणि वर काढून उजेडात बघायची. मी ती पद्धत बघतच राहिलो. आम्ही नदीवर पांढऱ्या थाळीत पाणी घेऊन किडे बघतो, तेच हे. मी त्यांना तसं सांगितल्यावर ते खूश झाले. "म्हणजे साहेब, तुम्ही आमच्याच धंद्यातले," ते म्हणाले. विहिरी बघायच्या असतील तर गिरगावात जा, असं त्यांनीच सुचवलं आणि एका वाडीचं नाव सांगितलं.

गिरगावची ती वाडी रस्त्यावरून दिसतसुद्धा नाही. दोन इमारतींमधल्या बोळातून आत गेलं की एकदम मोकळं अंगण, लाकडी कठड्यांची दुमजली घरं आणि मधोमध लोखंडी जाळीनं झाकलेली विहीर. तिची देखभाल करणारे जोशीकाका बनियनवर बसून वाटाणे सोलत होते. मी साताऱ्याहून किड्यांसाठी आलोय हे त्यांना दोनदा सांगावं लागलं. "मासे आहेत आत, गप्पी. डासांच्या अळ्या खायला पालिकेनं सोडलेत," ते म्हणाले. "किड्यांचं काय बघायचंय?" तरी त्यांनी जाळीची झडप उघडून दिली. दोरीला बांधलेली जाळी मी विहिरीच्या भिंतीला घासत वर ओढली. शेवाळात चतुराची दोन पिल्लं निघाली.

चतुर आपण सगळ्यांनी बघितलेला असतो. पण त्याचं बालपण पाण्याखाली जातं, हे मला ट्राउटच्या नादाला लागेपर्यंत माहीत नव्हतं. ही पिल्लं मातकट, बसक्या अंगाची, सहा पायांची असतात आणि डासांच्या अळ्या मटकावतात. त्या दोघांच्या पाठीवर पंखांच्या थैल्या फुगलेल्या होत्या, म्हणजे आठवड्याभरात ती पाण्याबाहेर येऊन कात टाकणार होती. ते दृश्य मी कधीच बघितलेलं नव्हतं. जवळच्या दुकानातून एक मोठी काचेची बरणी घेतली, विहिरीचं पाणी, थोडं शेवाळ आणि वर चढायला एक काटकी घातली. सरबत पिऊन, बरणी मांडीवर घेऊन बसनं लालबागला आलो. कंडक्टरनं विचारलं, "काका, लोणचं का?" मी बरणी वर करून दाखवली. त्यानं तिकीट फाडून दिलं आणि पुढे सरकला.

ताईनं बरणी बघून कपाळाला आठ्या घातल्या, पण मी पाहुणा होतो. गॅलरीत पिंपाच्या मागे ती ठेवली गेली.

शुक्रवारी नऊ वाजता थाळी वाजली. ताई चारही मजले फिरून शेवटी आपल्या दाराशी आली आणि म्हणाली, "विनू, तुझी बरणी ओत."

आता मी जे बोललो ते शब्दाला शब्द आठवतं. मी म्हणालो, "ताई, यात चतुराची पिल्लं आहेत. ती डासांच्या अळ्या खातात. ही बरणी म्हणजे डासांचा शत्रू आहे. घराघरात अशी एक ठेवायला हवी." आणि वर आणखी ज्ञान दिलं की पंख फुटायच्या आधी काही दिवस ही पिल्लं खाणं सोडून नुसती बसून राहतात, इतकी त्यांची तयारी चाललेली असते. ताई कौतुकानं ऐकत होती. मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या माझ्या बहिणीनं ज्या नियमातून सख्ख्या दिराला सोडलं नव्हतं, त्यातून मला सोडलं. "तुला कळतं बाबा त्यातलं. पण वर फडकं तरी बांध." मी मलमलचं फडकं बांधलं. संध्याकाळी बघितलं तर एक पिल्लू काटकीवर चढून फडक्याला डोकं लावून परत फिरत होतं. त्याला बाहेर यायला वाट हवी म्हणून मी फडकं काढून टाकलं. जी पिल्लं खात नाहीत ती अळ्याही खाणार नाहीत, एवढा साधा हिशेब सकाळी स्वतःच्या तोंडानं सांगूनही माझ्या डोक्यात शिरला नाही.

शनिवारी वरळी कोळीवाड्यात गेलो. अरुंद गल्ल्या, दोऱ्यांवर वाळत घातलेले बोंबील, आणि टोकाला होड्या. जाळं विणत बसलेल्या एका मावशींशेजारी जरा बसलो. मीही मासे धरतो, असं मी त्यांना सांगितलं. कसे धरता, काय करता, सगळं त्यांनी विचारून घेतलं. धरलेला मासा सोडून देतो म्हटल्यावर त्यांचा हात थांबला. "पोट भरायला धरत नाय, आनि सोरून पन देतस? मंग त्याच्या तोंडात गळ कशाला घालतस?" शेजारच्या बायका हसल्या. मी म्हणालो, "त्यामुळे पाण्यातले किडे शिकलो, मावशी." त्या म्हणाल्या, "किरे तर आमच्या सुकटीत पन परतात (पडतात). ये शिकायला." त्यांनी मला काळा चहा पाजला आणि वाळवलेल्या जवळ्याची (बारीक कोळंबीची) पुडी बांधून दिली.

तिथून दादरला जाऊन बाजारातून एक पांढरी एनॅमलची थाळी आणि चित्रांसाठी मोठे कागद घेतले. कारण रविवारी माझं भाषण होतं. ताईनं सगळ्या चाळीला सांगून ठेवलं होतं की माझा भाऊ किड्यांचा जाणकार आहे. मंडळाच्या खोलीत पंचवीस-तीस माणसं सतरंजीवर बसली. मी ट्राउटची गोष्ट सांगितली, म्हाताऱ्यानं उलटा केलेला दगड सांगितला, पत्र्याची डबी उघडून पिसांचे खोटे किडे हातोहात फिरवले. माशाला फसवायचं तर आधी तो काय खातो ते शिकावं लागतं, आणि ते शिकता शिकता मासा राहतो बाजूला, असं म्हणालो. लोक मनापासून ऐकत होते. सावंत वहिनीही आल्या होत्या, आत न येता उंबऱ्याशी उभ्या होत्या. जाधव सुट्टीचे कपडे घालून मुद्दाम परळहून आले होते. शेवटी उठून ते म्हणाले, "सरांनी माशांसाठी किडे शिकले, आम्ही मारायला शिकलो. पण बघायला दोघांना पाण्यातच वाकावं लागतं." टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवसापासून चाळीत मला सगळे 'सर' म्हणू लागले, आणि मला ते फार आवडलं. हेही इथे लिहून ठेवायला हवं.

मंगळवारी पहाटे साडेपाचला मी ताईला उठवलं. एक पिल्लू काटकीवर चढून घट्ट बसलं होतं. त्याची पाठ उकलली, त्यातून आधी डोकं, मग मऊ, पांढुरकं अंग बाहेर आलं, आणि चुरगळलेले पंख हळूहळू सरळ होऊ लागले. ताई गुडघे धरून जमिनीवर बसली होती. तास-दीड तास आम्ही दोघं तिथेच बसून होतो. उन्हं गॅलरीत आली तेव्हा चतुरानं पंख थरथरवले आणि तो समोरच्या कौलांवरून निघून गेला. "काय सुंदर होतं रे," ताई म्हणाली. त्या क्षणी माझ्याइतका सुखी माणूस लालबागमध्ये नसेल. मी फोटोंच्या नादात दोन दिवस होतो. बरणीत दुसरं पिल्लू खाणं सोडून तळाशी बसलेलं होतं, पण त्या बरणीत मी पुन्हा वाकून बघितलं नाही.

गुरुवारी दहाच्या सुमारास जाधव तपासणीला आले. मी गॅलरीतच खुर्ची टाकून बसलो होतो. ते हसून "काय सर" म्हणाले, पिंपात पळी घातली, ठीक म्हणाले, आणि टॉर्च मारताना त्यांना मागे बरणी दिसली. पळी आत घालून त्यांनी वर काढली आणि त्यांचं हसू गेलं. पांढऱ्या पळीत दहा-बारा बारीक अळ्या वळवळत होत्या.

"ही बरणी कोणाची?" त्यांनी विचारलं.

ताई दारातून पुढे आली. तिनं पळीत बघितलं, एकदा माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, "माझी."

तोपर्यंत शेजारची चार-पाच माणसं जमली होती. सावंत वहिनी समोरच्या दारात हातातलं काम थांबवून उभ्या होत्या.

जाधव म्हणाले, "नक्की तुमची, ताई? आत चतुराचं पिल्लू आहे. असं कोण ठेवतं?"

"माझी हो. शोभेला ठेवली," ताई म्हणाली.

मग त्यांनी सरळ माझ्याकडे बघितलं. "सर, तुम्ही काय म्हणता? कोणाची बरणी?"

बोलायला एवढीच जागा हवी होती. 'माझी' एवढा एक शब्द. तो माझ्या तोंडापर्यंत आला, हे मी शपथेवर सांगतो. पण रविवारची सतरंजी, त्या टाळ्या, 'सर' म्हणणारी ती माणसं समोर उभी होती. मी पळीकडे वाकून बघितलं आणि म्हणालो, "या चिलटांच्याही अळ्या असू शकतात. ट्राउट खातात त्या."

 जाधव शांतपणे म्हणाले, "चिलटांच्या तळाशी असतात, सर. ह्या बघा, वर येऊन उलट्या टांगतात नि शेपटीनं श्वास घेतात. तुम्हीच सांगितलंत रविवारी." त्यांनी बरणी मोरीत ओतली, ब्रशनं आतून घासली, आणि खोली क्रमांक सत्तावीस, शैला परब, अशी नोंद केली. दुसऱ्या पिल्लाचं काय झालं ते मी बघितलं नाही.

दुपारी ताई खडू घेऊन खाली गेली. मी तिच्या मागे जिन्यात उभा होतो. तिनं फळा ओल्या फडक्यानं पुसला आणि आपल्या ठसठशीत अक्षरात आपलंच नाव लिहिलं. येणारे-जाणारे थांबून वाचत होते. दुसऱ्या मजल्यावरचा एक जण म्हणाला, "काय ताई, तुमच्याकडे पण?" ताई म्हणाली, "चुकलं." मी वरच्या पायरीवरून हे ऐकलं आणि तसाच वर गेलो. रात्री जेवताना मी काही बोलायला लागलो तर ती म्हणाली, "गप जेव. पाहुण्याचं नाव फळ्यावर लिवतात काय?"

शुक्रवारी थाळी वाजली, पण ताईचा आवाज बसलेला होता आणि पिंपं ओतायला निम्मी माणसंही बाहेर आली नाहीत. एका दारातून कुणीतरी आतूनच म्हणालं, "आधी आपलं बघा म्हणावं." ताईनं ऐकलं आणि ती पुढच्या दाराशी गेली. दोन वर्षं घसा कोरडा करून तिनं जे उभं केलं होतं ते माझ्या एका बरणीनं आडवं पडत होतं. मला तिथे थांबवेना. परळला जाधवांच्या चौकीसमोर जाऊन उभा राहिलो. ते बाहेर आले तसं मी त्यांना सांगितलं की बरणी माझी होती.

"माहिताय," ते म्हणाले. त्यांनी चहा सांगितला, मला दिला, स्वतः घेतला नाही. "मी तीनदा विचारलं, सर. आम्हाला एकदाच विचारायचं असतं."

त्यांनी रागानं म्हटलं असतं तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. त्यांच्या आवाजात राग नव्हता. नोंद बदलता येईल का, असं विचारल्यावर ते म्हणाले, "कागदावरचं सोडा. चाळीत सांगितलंत का?"

शनिवारी दुपारची गाडी होती. सकाळी ताई आंघोळीला गेल्याचं बघून मी सावंत वहिनींच्या दारात गेलो. त्या गवार निवडत होत्या. मी उभ्यानंच सांगितलं की ती बरणी ताईची नव्हती, माझी होती. ताईनं ओतायला सांगितली होती, मी ऐकलं नाही. आणि गुरुवारी मी घाबरून गप्प बसलो.

"मला ठाऊक होतं," वहिनी म्हणाल्या. "मी वाट बघत होते, की हे सर आता बोलतील." त्यांनी दोन-चार शेंगा मोडल्या. मग मान वर न करता म्हणाल्या, "ती बाटली पण माझी नव्हती."

मला आधी कळलं नाही.

"मनीप्लांटची. ती अस्मिताची होती. शाळेचा प्रोजेक्ट होता तिचा. मुळं रोज पट्टीनं मोजायची, वहीत लिहायची. पाणी बदलू द्यायची नाही मला, म्हणायची, आई माझी मोजणी चुकेल. सभेत विचारलं बाटली कोणाची, तर मी म्हटलं माझी. गेलेल्या पोरीचं नाव कुठे घेऊ मी तिथे?"

मी तिथेच खाली बसलो. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "परवा ताई 'माझी' म्हणाल्या ना, तेव्हा मला कसंतरीच झालं. तुम्ही त्यांना सांगा हे. माझ्या तोंडून नाही निघायचं."

या वेळी मी गप्प बसलो नाही. ताई केस पुसत बाहेर आली तेव्हा आधी माझं सांगितलं. ती म्हणाली, "कशाक? (कशाला?) झालां तां झालां." मग अस्मिताचं सांगितलं, वही, पट्टी, सगळं. ताईच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. मला वाटलं ती रडेल, पण ती रडली नाही. ती ओल्या केसांनी, अनवाणी समोरच्या दारात गेली आणि वहिनींच्या पुढ्यात जमिनीवर बसली.

जेवायची वेळ झाली तरी ती परत आली नाही. दाजींनी मला पिठलं-भात वाढला. निघताना मी समोर बघितलं तर ताई खाली मान घालून बसली होती, आणि वहिनी गवारीची टोपली मध्ये ठेवून हळू आवाजात काहीतरी सांगत होत्या. मी हाक मारली नाही. दाजी पिशवी घेऊन खाली आले. फळ्याजवळ थांबून मी खडू उचलला. ताईचं नाव पुसून आपलं लिहायचं होतं. दाजींनी माझा हात धरला. "राहू दे," ते म्हणाले. "आठवडा झाला की ती स्वतः पुसेल. तू गाडी चुकवशील."

घाट लागेपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होतो आणि एकच गोष्ट मनात घोळत होती. बाटली कोणाची, असं विचारल्यावर एका आईनं 'माझी' म्हटलं, कारण पोर बारा वर्षांची होती आणि जिवंत नव्हती. बरणी कोणाची, असं विचारल्यावर ताईनंही तेच म्हटलं, आणि मी तीन हातांवर खुर्ची टाकून बसलेलो होतो.

आता गावात लोक विचारतात, मुंबईच्या पाण्यात काय काय सापडलं. मी चतुराचं सांगतो, गप्पी माशांचं सांगतो. पाण्यात वाकून बघणं मी सोडलेलं नाही, सोडणारही नाही, पण आता कुणी 'सर' म्हटलं की गोरामोरा होतो. बायकोनं विचारलं, ताई रागावल्या का? नाही म्हणालो. खरंच रागावली नाही. लहान मुलाची चूक पोटात घालावी तशी तिनं माझी घातली, आणि छप्पन्नाव्या वर्षी मी ती घालू दिली.